उचलता येईल असे खवले मांजर

खवले मांजराचे शिल्प करायचे ठरल्यावर ते कोणत्या अवस्थेत दाखवायचे, हा पहिला प्रश्न होता, आणि पुढचे बहुतेक सगळे निर्णय त्या एका प्रश्नाच्या उत्तरातून निघाले. हा प्राणी संकट आले की फारसा पळत नाही आणि चावतही नाही, कारण त्याला दातच नसतात. तो डोके पोटाशी घेतो, त्यावरून जाड, बळकट शेपटी ओढून घेतो आणि अंगाचा घट्ट गोळा करून पडून राहतो. सिंहासारख्या प्राण्याला तो गोळा उलगडणे फार कठीण जाते. खवल्यांच्या धारदार कडा आणि खवले हलवणारे त्वचेखालचे स्नायू मिळून त्याचा जबडा निकामी करतात. माणसाला मात्र तो उलगडण्याची गरजच नसते. माणूस वाकतो, गोळा उचलतो आणि पोत्यात टाकतो. ज्या हालचालीने या प्राण्याला लाखो वर्षे वाचवले, तीच हालचाल त्याला माणसाच्या हातात आयती आणून देते. मला शिल्पातून सांगायचे होते ते एवढेच, आणि ते डोळ्यांपेक्षा हातांना अधिक लवकर कळेल अशी माझी खात्री होती. म्हणून शिल्प गोळा झालेल्या अवस्थेतले, खऱ्या आकाराचे आणि पाहणाऱ्याला दोन्ही हातांनी उचलता येईल असे करायचे, हे माती हातात घेण्यापूर्वीच ठरले.

वजनाचा विचार मनात येण्याचे आणखी एक कारण होते. या प्राण्याविषयीच्या बातम्या टनांच्या भाषेत येतात. एप्रिल २०१९ मध्ये सिंगापूरला एका आठवड्याच्या आत दोन मोठे साठे पकडले गेले, एक १२.९ टन खवल्यांचा आणि दुसरा १२.७ टनांचा. खवले मांजराच्या आठही जाती, चार आशियातल्या आणि चार आफ्रिकेतल्या, वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या परिशिष्टात घेण्याचा निर्णय २०१६ च्या जोहान्सबर्ग परिषदेत झाला आणि त्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार जानेवारी २०१७ पासून बंद ठरला. म्हणजे हे दोन्ही साठे त्या बंदीनंतरचे होते. टन हा आकडा वाचून मनात कोणताही प्राणी उभा राहत नाही. एका प्राण्याचे वजन हातांवर आले तर कदाचित राहील, असे वाटले.

पण प्राणी पाहायचा कुठे? खवले मांजर निशाचर आणि एकटे राहणारे आहे. बंदिवासात ते फार अवघडपणे जगते, त्यामुळे प्राणिसंग्रहालयात बसून दिवसेंदिवस रेखाटने करण्याचा, प्राणिशिल्पकारांचा जुना आणि भरवशाचा मार्ग इथे जवळजवळ बंद असतो. माझ्या हाताशी तीन गोष्टी होत्या: कॅमेरा ट्रॅपमध्ये, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप चालू होणाऱ्या कॅमेऱ्यात, टिपलेली रात्रीची छायाचित्रे, सोडवून आणलेल्या प्राण्यांची शुश्रूषा करताना घेतलेले चित्रीकरण आणि संग्रहालयांतले पेंढा भरलेले नमुने व सांगाडे. यांतले नमुने सर्वांत सोयीचे आणि सर्वांत धोक्याचे. कातडे वाळताना आकसते, खवल्यांची मुळे ताणली जातात आणि खवले जिवंत प्राण्यावर कधीही उभे नसतील इतके उभे राहतात. शिवाय भरणाऱ्याने जिवंत प्राणी पाहिलेला नसेल, तर पाठीचा बाक त्याच्या कल्पनेतूनच आलेला असतो.

या संदर्भात आल्ब्रेख्त ड्यूरर या जर्मन चित्रकाराचा गेंडा मला वारंवार आठवे. मे १५१५ मध्ये भारतातून एक गेंडा लिस्बनला पोहोचला. न्यूरेंबर्गमध्ये बसलेल्या ड्यूररने तो कधीच पाहिला नाही. कुणीतरी पाठवलेले वर्णन आणि एक रेखाटन यांच्या आधारे त्याने त्याच वर्षी गेंड्याचे काष्ठछापचित्र केले. त्यात अंगावर चिलखताचे पत्रे आहेत आणि खांद्यावर एक जादा छोटे शिंग आहे. चित्र इतके जिवंत आहे की पुढची दोन शतके युरोपातल्या ग्रंथांमधून तोच गेंडा नकलला जात राहिला, खांद्यावरच्या शिंगासह. छापचित्राचे सामर्थ्य आणि त्याची जोखीम ही दोन्ही या एका उदाहरणात सामावलेली आहेत: हजारो हातांत पोहोचणारी प्रतिमा चुकीची असेल, तर चूकही हजारो हातांत पोहोचते. ज्या प्राण्याला बहुतेक पाहणारे आयुष्यात कधी प्रत्यक्ष पाहणार नाहीत, त्याच्या बाबतीत कलावंतावर येणारी जबाबदारी मोठी असते, आणि ती मी शैलीच्या स्वातंत्र्यापेक्षा वरची मानते.

म्हणून मी ‘खवले मांजर’ असा सर्वसाधारण प्राणी न करता टेमिंकचे खवले मांजर ही आफ्रिकेच्या दक्षिण आणि पूर्व भागांत आढळणारी, जमिनीवर वावरणारी एकच जात निवडली. जात ठरली की सुटसुटीत पण पक्की बंधने मिळतात. आशियातल्या जातींमध्ये खवल्यांच्या मुळाशी राठ केस असतात, आफ्रिकेतल्या जातींमध्ये ते नसतात. आशियातल्या जातींच्या पाठीवरची मधली ओळ शेपटीच्या टोकापर्यंत अखंड जाते, आफ्रिकेतल्या जातींमध्ये ती टोकाच्या अलीकडे थांबते. गोळा झालेल्या प्राण्यात शेपटी सर्वांत बाहेर, चेहऱ्यावर येते, म्हणजे नेमका हाच भाग पाहणाऱ्याच्या समोर असतो. तिथे मधली ओळ टोकापर्यंत नेली असती, तर जाणकाराच्या नजरेत सबंध शिल्प खोटे ठरले असते.

मातीकामाला सुरुवात करण्याआधी हिशेब करावा लागला. गोळ्याचा व्यास सुमारे २५ सेंटिमीटर धरला तर भरीव ब्राँझचे वजन ७० किलोच्या आसपास जाते. ते कुणालाच उचलता येणार नाही. तोच गोळा पोकळ आणि पत्र्याची जाडी ५ मिलिमीटर ठेवली, तर वजन साडेआठ किलोच्या जवळ येते, आणि या जातीचा प्रौढ प्राणी साधारण याच पट्ट्यात भरतो. ब्राँझ घन असूनही जिवंत प्राण्याइतकेच भरते, हा योगायोग नसून जाडीवर ठेवलेल्या नियंत्रणाचा परिणाम असतो, आणि ते नियंत्रण शेवटपर्यंत सांभाळावे लागते. निवताना ब्राँझ दीड ते दोन टक्के आकसते; म्हणून मातीतला आकार तेवढ्या प्रमाणात मोठा ठेवला.

आर्मेचर, म्हणजे मातीला आतून आधार देणारा सांगाडा, साधे होते, जाड ॲल्युमिनियमच्या तारेचे एक वेटोळे. मात्र त्यावर माती चढवताना मी गोळा म्हणून गोळा केला नाही. आधी पाठीचा कणा, मग बरगड्यांचा घेर, मग खांदे आणि कमरेचा उभार अशा क्रमाने आतला प्राणी बांधत गेले आणि नंतर त्याला मिटवले. जे दिसणार नाही त्यावर एवढी मेहनत कशासाठी, असे कुणी विचारेल. या प्राण्याच्या जिभेचे मूळ तोंडात नसते, ते छातीच्या पोकळीत खोलवर असते. मुंग्या आणि वाळवी यांच्या वारुळांत घालण्यासाठी वाढलेली ही लांबलचक जीभ छातीच्या रचनेतही आपली जागा मागते. अशी छाती असलेला प्राणी मिटला की बाहेरचा गोळा कधीच भूमितीतला गोल होत नाही. एका बाजूला खांद्याचा पेच राहतो, दुसरीकडे मागच्या पायांचा सपाटपणा येतो, आणि शेपटीच्या कडेपाशी एक अरुंद फट उरते, जिच्यातून श्वास चालतो. ही फट मी शेवटपर्यंत जपली. शिल्पाच्या सबंध पृष्ठभागावर प्राणी जिवंत असल्याची तेवढी एकच खूण आहे.

मग खवले आले, आणि कामाचा सर्वांत मोठा वाटा त्यांनी घेतला. खवल्याची मोकळी कड मागे, शेपटीकडे असते आणि पुढचा खवला मागच्याच्या मुळावर चढतो; म्हणून छपरावर कौले जशी वळचणीकडून आढ्याकडे चढवत नेतात, तसे खवले शेपटीच्या टोकापासून डोक्याकडे लावत जावे लागते. उलट्या क्रमाने काम केले, तर प्रत्येक खवल्याखाली दुसरा सरकवताना आधीच्याची कड दबते. प्रत्येक खवला मी वेगळा घडवला. साच्यातून एकसारखे खवले काढून चिकटवणे सोपे होते, पण खऱ्या प्राण्यावर कोणतेही दोन खवले सारखे नसतात. पाठीवरचे रुंद असतात, पायांकडे जाताना लहान होत जातात, आणि बिळात शिरताना घासल्या जाणाऱ्या जागी त्यांच्या कडा झिजून बोथट झालेल्या असतात. प्राणी मिटला की पाठीची त्वचा ताणली जाते, खवल्यांमधले अंतर वाढते आणि कडा किंचित उचलल्या जातात. तिथे सावली खोल पडते. पोट, घसा आणि पायांच्या आतल्या बाजूंना खवले नसतातच. आपण ज्या भागाला हात लावू शकत नाही, तोच त्याचा मऊ भाग आहे.

खवले केराटिनचे, म्हणजे आपली नखे आणि केस ज्या द्रव्याचे बनलेले असतात त्याच द्रव्याचे असतात. पृष्ठभागावरच्या बारीक रेषांसाठी मी भिंगाखाली स्वतःच्या अंगठ्याचे नख पाहत असे आणि लाकडी कोरणीने त्या रेषा मातीत उतरवत असे. नखाहून वेगळे असे त्या द्रव्यात औषध म्हणून काही नाही, आणि तरीही त्यासाठी हा प्राणी मारला जातो, हे माहीत असणे एक आणि त्या रेषा एकेक करून कोरताना ते हातांतून जाणे वेगळे.

प्राणिशिल्पाची एक थोर परंपरा तपशील गाळण्याची आहे. फ्रान्स्वा पाँपाँ या फ्रेंच शिल्पकाराने १९२२ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात मांडलेले पांढरे अस्वल त्याचे सर्वांत निर्मळ उदाहरण आहे: लव नाही, सुरकुती नाही, फक्त चालीचा घाट. त्या शिल्पाबद्दल मला नितांत आदर आहे आणि माझ्या इतर कामांत मी त्या वाटेने गेले आहे. या प्राण्याच्या बाबतीत मात्र ती वाट मी जाणीवपूर्वक नाकारली. ज्या गोष्टीसाठी त्याची तस्करी होते, तीच गोष्ट सौंदर्यासाठी पुसून टाकणे मला पटले नाही.

ओतकामाचा टप्पा शिल्पकारांना परिचित आहे, त्यामुळे तो थोडक्यात सांगते. एकमेकांवर चढलेल्या खवल्यांमुळे पृष्ठभागावर असंख्य खाचा होत्या. कडक साचा त्यांतून सुटलाच नसता, म्हणून सिलिकॉन रबरचा साचा घेतला आणि त्याला प्लास्टरचे कवच दिले. त्यात वितळलेले मेण फिरवून, ओतून, पुन्हा फिरवून हव्या त्या जाडीची पोकळ मेणप्रत काढली. सबंध वजनाचा हिशेब या मेणाच्या जाडीवर उभा असल्यामुळे कडा कापून ती पुन्हा पुन्हा मोजली. मेणप्रतीला धातू आत जाण्याच्या आणि हवा बाहेर पडण्याच्या नळ्या जोडून तिच्यावर सिलिकाच्या रबडीचे आणि वाळूचे थर चढवले, प्रत्येक थर पूर्ण वाळू दिला, मग भट्टीत मेण वितळवून काढले आणि तापलेल्या कवचात ब्राँझ ओतले. मेण हरवून धातू ओतण्याची ही पद्धत फार जुनी आहे. बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ग्रंथात तिचे वर्णन येते. मुशीतला धातू अकराशे अंश सेल्सियसच्या वर असतो आणि ओतण्याचे काम काही क्षणांत संपते. त्यानंतर नळ्या कापणे, सांधे भरणे, कानशीने आणि छिन्नीने खवल्यांच्या कडा पुन्हा जिवंत करणे हे काम मात्र दीर्घकाळ चालते. हाताला टोचणार नाही, पण धार आहे हे बोटांना कळेल, इतपतच कड ठेवायची होती.

पॅटिनाविषयी, म्हणजे ब्राँझच्या पृष्ठभागावर रसायनांनी आणलेल्या रंगाविषयी, माझे मत ठाम आहे. हिरवा रंग मी टाळते. तांब्याच्या क्षारांनी आणलेला हिरवा रंग पाहणाऱ्याला पुरातन वस्तूची आठवण करून देतो, आणि पुरातन वाटणारा प्राणी आधीच गेलेला वाटतो. हा प्राणी अजून आहे. म्हणून गंधकयुक्त क्षाराचा गडद थर आधी देऊन, तो खवल्यांच्या मधल्या खाचांत ठेवून वरून घासून काढला, आणि मग तापवलेल्या ब्राँझवर फेरिक नायट्रेटचे अगदी पातळ द्रावण थराथराने देत मातीच्या तपकिरी छटेपर्यंत आणले. शेवटी मेणाचा हात दिला.

शिल्प पूर्ण होत असतानाच एक गोष्ट त्यात मावत नाही, हे स्पष्ट होत गेले. टेमिंकचे खवले मांजर बहुतांशी मागच्या दोन पायांवर चालते. पुढचे पाय छातीशी घेतलेले, शेपटी मागे तोल सांभाळते, आणि खवले नसलेले पोट समोर उघडे असते. दक्षिण आफ्रिकेत खाजगी शिकारक्षेत्रांना आणि शेतांना विजेची कुंपणे असतात. चालत्या प्राण्याचे पोट खालच्या तारेला लागते, धक्का बसतो, आणि धक्क्याला त्याचे शरीर एकच उत्तर देते: ते मिटते. मिटताना तार आत धरली जाते. जितके धक्के बसतात तितका तो अधिक घट्ट मिटतो. या जातीच्या मृत्यूचे हे एक मोठे कारण आहे, आणि त्यात कोणाचाही मारण्याचा हेतू नसतो.

हे शिल्पात आणायचे तर तार जोडावी लागली असती, आणि मग ते कुणी हातात घेतले नसते. म्हणून ते मुद्राचित्राकडे, म्हणजे छापचित्राकडे गेले, आणि त्यासाठी मी लिनोलियमच्या एकाच ब्लॉकवरून, म्हणजे ठोकळ्यावरून, कापत कापत छापण्याची लिनोकटची पद्धत निवडली. या पद्धतीत प्रत्येक रंगासाठी वेगळा ब्लॉक नसतो. जे कागदाइतके पांढरे ठेवायचे ते आधी कापायचे आणि पहिला, सर्वांत फिका रंग सर्व प्रतींवर छापायचा. मग त्याच ब्लॉकवरून आणखी भाग कापून दुसरा, जरा गडद रंग त्याच प्रतींवर छापायचा. असे करत सर्वांत काळ्या रंगापर्यंत जायचे. कापलेले परत येत नाही. एखादा थर छापून झाल्यावर आणखी एक प्रत हवी असे वाटले, तरी ती मिळू शकत नाही, कारण तिच्यासाठी लागणारा आधीचा ब्लॉक आता अस्तित्वातच नसतो. प्रत्येक थराला काही कागद सरकतात, काहींवर शाई जास्त बसते, आणि तेवढ्या प्रती बाद होतात. म्हणजे सुरुवातीला जितके कागद घेतले, ती संख्या केवळ कमी होऊ शकते. खवले मांजराची मादी बहुधा एका वेळी एकच पिल्लू देते. त्याच्या संख्येचे गणितही बरेचसे असेच चालते. विषय चित्रात दिसतो तेवढ्याने माझे समाधान होत नाही, तो चित्र घडण्याच्या रीतीतही असावा अशी माझी धारणा आहे, आणि ही पद्धत मला ते देत होती.

पहिली कापली ती तार. लिनोवर आडवी, एकसंध, व्ही आकाराच्या पात्याने ओढलेली बारीक रेषा. ती सर्वांत आधी कापल्यामुळे पुढच्या कोणत्याही रंगाला तिच्यापर्यंत पोहोचता आले नाही. वाळलेल्या गवताचा फिका पिवळा, मातीचा करडा, संध्याकाळचा निळसर राखी असे थर एकावर एक बसत गेले आणि तार प्रत्येक थरातून कोऱ्या कागदाची, झगझगीत पांढरी राहिली. एका थरातून दुसऱ्या थरात जाताना प्रत्येक कागद आधीच्याच जागी तंतोतंत बसणे इथे अत्यंत महत्त्वाचे असते, कारण अर्धा मिलिमीटर जरी सरकला तरी तारेच्या कडेला रंग चढतो. त्यासाठी कागदांना खुणेच्या पट्ट्या लावून ते पिनांवर अडकवले, आणि तेलाची शाई पूर्ण वाळल्याशिवाय पुढचा थर घेतला नाही. रंग कमी आणि मंद ठेवण्यामागे कॅमेरा ट्रॅपची छायाचित्रे होती. अवरक्त प्रकाशात टिपलेल्या त्या रात्रींमध्ये रंग नसतोच, फक्त उजेडाचे अंश असतात.

शेवटच्या काळ्या थरासाठी कापणी झाली, तेव्हा ब्लॉकवर काय उरले हे पाहून मी काही काळ काम थांबवले. गवत गेले होते, माती गेली होती, क्षितिज गेले होते. उंचवट्यावर फक्त तारेभोवती मिटलेला प्राणी होता, आणि त्याच्या भोवतीचे सगळे रान मीच माझ्या पात्याने काढून टाकले होते. हे मी आधी योजलेले नव्हते. पद्धतीने ते आपोआप घडवले. एरवी आवृत्ती पूर्ण झाली की ब्लॉकवर आडवी रेघ ओढून तो रद्द करण्याची प्रथा आहे. इथे त्याची आवश्यकताच नव्हती, म्हणून तो ब्लॉक शाईसकट मुद्राचित्राशेजारी मांडायचा असे ठरवले.

पर्यावरणाविषयी काम करणाऱ्याने आपल्या कार्यशाळेचा हिशेबही मांडावा, असे मला वाटते. लिनोलियम हे जवसाचे तेल, राळ आणि बुचाच्या झाडाचा भुसा यांचे, मागे तागाचे कापड असलेले द्रव्य आहे आणि ते कालांतराने कुजते. त्याच्याऐवजी सर्रास वापरले जाणारे प्लास्टिकचे ब्लॉक मी घेत नाही. शाई पुसायला टर्पेंटाइनऐवजी खाद्यतेल आणि साबणाचे पाणी पुरते, थोडा वेळ जास्त लागतो एवढेच. ब्राँझच्या बाबतीत मात्र इतके सोपे उत्तर नाही. भट्टीला भरपूर इंधन लागते, कवचाचा चुरा पुन्हा वापरता येत नाही, सिलिकाची धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते आणि नायट्रेटच्या वाफा मोकळ्या हवेत, मुखवटा लावूनच हाताळाव्या लागतात. मेण पुन्हा वापरता येते, नळ्या आणि उरलेला धातू पुन्हा मुशीत जातो. तरीही उरणारा भार उरतोच. फ्रान्समध्ये मूळ शिल्प म्हणून कमाल १२ ब्राँझप्रती मान्य होतात, आणि व्यवहारात अनेक शिल्पकार त्या मर्यादेपर्यंत जातात. या शिल्पाच्या मोजक्याच प्रती ओतण्याचा निर्णय मी या हिशेबातून घेतला, दुर्मिळतेचे मोल वाढावे म्हणून नव्हे.

शिल्प मांडताना मोठा प्रश्न स्पर्शाचा होता. प्रदर्शनांत शिल्पाला हात लावू नये हा नियम असतो, आणि हे शिल्प तर हात लावण्यासाठीच केलेले. शेवटी ते काचेविना, गुडघ्याएवढ्या उंचीच्या मऊ चौथऱ्यावर ठेवले, म्हणजे उचलण्यासाठी वाकावे लागते. लोक बहुधा आधी विचारतात, मग एका हाताने प्रयत्न करतात, आणि मग दोन्ही हात खाली घालून ते छातीशी घेतात. लहान मुले थेट तिसऱ्या टप्प्यावर येतात. डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर खवले गुळगुळीत लागतात, उलट फिरवला तर बोटे अडतात. हातांच्या घर्षणाने उंचवट्यांवरचा तपकिरी रंग उडून तिथे धातू चमकू लागला आहे. मी तो पुन्हा रंगवत नाही.

फलकावरचा मजकूर मात्र मी अनेकदा लिहिला आणि खोडला. शिल्प उचलून झाल्यावर माणूस जे वाचतो, ते त्याच्या मनात राहते, असे पाहण्यात आल्यामुळे तिथे हळहळ व्यक्त करणारी वाक्ये नकोत असे ठरवले. आता त्यावर प्राण्याची जात, शिल्पाचे वजन, व्यापारबंदीचे वर्ष आणि मुद्राचित्राखाली एवढेच लिहिले आहे की कुंपणाची सर्वांत खालची तार वर घेतली किंवा तिच्यातला प्रवाह बंद ठेवला, तर चालत्या प्राण्याचे पोट तिला लागून धक्का बसत नाही.